कानबाई आणि सुनेला ऐकू येणारी शिट्टी

कानबाईंना कमी ऐकू येतं, हे पहिल्यांदा कागदावर उतरलं ते त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच खुर्चीवर.

दुकान चालवणाऱ्या त्यांच्या भाच्याने श्रवणयंत्रं विकणाऱ्या एका कंपनीशी बोलणी लावली होती. कंपनीला गिऱ्हाइकांचे कान तपासायला शांत खोली हवी होती. हॉर्न, हातगाड्या आणि शटरं यांनी दिवसभर दणाणणाऱ्या त्या रस्त्यावर अशी खोली एकच: दुकानाच्या माडीवरची. भिंतींना जाड पडदे, खाली गालिचा, मागच्या भिंतीला उंच-सखल लाकडी पट्ट्या, आणि मधोमध एक खुर्ची. कंपनीची तंत्रज्ञ मुलगी यंत्र घेऊन खोली बघायला आली. कोणाला तरी बसवून बघायचं म्हणून समोर दिसल्या त्या बाईंना तिने बसवलं.

"आवाज आला की बटण दाबायचं, काकू."

काकूंनी बटण दाबलं, दाबलं, आणि मग बराच वेळ दाबलंच नाही.

"बंद पडलं का तुझं यंत्र?" त्यांनी विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली. "चालू आहे."

आलेख निघाला. डावीकडून रेघ शहाण्या माणसासारखी सरळ चालत आली होती, आणि उजवीकडे, वरच्या पट्टीच्या भागात, कड्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. दोन्ही कानांची तीच गत. "वयाने होतं हे," मुलगी म्हणाली. "बोलणं नीट ऐकू येतं ना? मग काळजी नाही. फक्त अगदी बारीक, वरचे आवाज जातात."

बोलण्यावर पोट असलेल्या कोणाला या वाक्याने धीर आला असता. आत्यांचं पोट बारीक आवाजांवर होतं.

घरात आणि दुकानात त्या आत्या. कानबाई हे नाव बाजाराने दिलेलं. दुकानदारांच्या तोंडी त्यात निम्मी थट्टा आणि निम्मा धसका असे. वडील रेडिओ दुरुस्त करत. ते गेल्यावर मोठ्या भावाकडे गल्ला आला आणि धाकट्या बहिणीकडे डाग द्यायची, काळी पडलेली सोल्डरिंगची सळई आली. भाऊ माणसांशी गोड बोले, बहीण यंत्रांशी. लग्न का नाही केलंत, असं कोणी विचारलं तर त्या म्हणत, "ऐकण्यासारखं कोणी बोललंच नाही."

त्यांचं काम जोडणीचं. म्हणजे कोणत्या प्लेअरला कोणता अॅम्प्लिफायर, त्याला कोणते स्पीकर, आणि ते सगळं कोणाच्या कसल्या खोलीत. दुकानात लाखमोलाच्या वस्तू वेगवेगळ्या चमकतात आणि घरी नेऊन जोडल्या की एकमेकींचं तोंड बघत नाहीत. एक प्लेअर मुळातच तिखट, त्याला तिखट स्पीकर दिला की अर्ध्या तासात डोकं धरावं. एक स्पीकर आडदांड, त्याला नाजूक अॅम्प्लिफायर दिला की तो बिचारा घाम गाळतो. "लग्न जुळवणाऱ्यांचं बरं असतं," आत्या म्हणत. "तिथे दोन्हीकडची मंडळी खोटं तरी बोलतात. यंत्रं तेवढंही करत नाहीत."

त्यांचा खास विषय होता दोन थरांची डिस्क. दिसायला साध्या सीडीसारखीच, पण एका थरावर साधं ध्वनिमुद्रण आणि दुसऱ्यावर तेच गाणं, कितीतरी जास्त बारकाव्यांसह. हा बारीक थर वाचणारा प्लेअर वेगळा लागतो, आणि वाचलेलं पुढे नीट पोचवणारी जोडणी त्याहून वेगळी. कोणी प्लेअर घेतो आणि चुकीच्या वायरीने जोडतो. प्लेअर तक्रार करत नाही, निमूट साधा थर वाजवतो, आणि मालक पाहुण्यांसमोर छाती फुगवून तोच ऐकवत राहतो. अशी घरं आत्यांनी किती तरी पाहिली होती.

दोन वस्तूंची तुलना करताना दोन्हींचा आवाज त्या मीटर लावून सारखा करत, कारण जो किंचित मोठा तो नेहमीच बरा वाटतो. विक्रेत्यांना हे ठाऊक असतं. एका कंपनीचा प्रतिनिधी नवा प्लेअर ऐकवताना हळूच बटण फिरवायला गेला, तेव्हा आत्या गिऱ्हाइकासमोर म्हणाल्या होत्या, "हात खाली." त्या माणसाने हात खाली घेतला. ती कंपनीही पुढे दुकानातून निघून गेली, आणि भाचा ते विसरला नव्हता.

आलेख भाच्याने नीट बघून घेतला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला दिसत होतं ते असं, की माडीवर आठवड्यातून कधीतरी एक गिऱ्हाईक येतं, तासभर बसतं, चहा पितं आणि विचार करून सांगतो म्हणून जातं. आणि कान सगळ्यांचेच उतरत चालले आहेत.

"आत्या," तो संध्याकाळी म्हणाला, "आपण मधला मार्ग काढू. कंपनीला खोली तीन दिवस. तुला तीन दिवस. तुझी खुर्ची, तुझे स्पीकर, सगळं राहील."

"आणि?"

"आणि काय?"

"तू मधला मार्ग काढतोस तेव्हा एका बाजूला खड्डा असतो. तो दाखव."

भाच्याने आलेखाची घडी केली. "हे बाहेर जाता कामा नये. कानबाईंना ऐकू येत नाही, असं बाजारात झालं की संपलं. तू फक्त बोलायचं नाहीस. एवढंच."

दादा, म्हणजे आत्यांचा भाऊ, गल्ल्यामागे बसून चष्मा पुसत होता. तो नेहमी मोक्याच्या क्षणी चष्मा पुसे.

आत्यांनी माडीकडे बघितलं. ती खोली त्यांनी दोन हातांनी उभी केली होती. मागच्या पट्ट्या एकेक कापून, लावून, काढून, पुन्हा लावून. बाहेरच्या पॅसेजमध्ये उभं राहून उघड्या दारातून ऐकायचं, आणि आत खरंच कोणी गातंय असं वाटलं की पट्टी पक्की करायची, ही त्यांची रीत. ती खोली गेली असती तर त्यांच्याकडे एक हत्यारांची पिशवी उरली असती, बस्स. त्या गप्प राहिल्या. त्यांच्या बाबतीत हे नवीन होतं, आणि भाच्याने त्याचा अर्थ होकार असा घेतला.

मग डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

या दातांच्या डॉक्टर. त्यांनी दोन थरांची डिस्क वाजवणारा प्लेअर दुकानातूनच नेला होता आणि तक्रार केली होती की त्यात नि साध्या प्लेअरमध्ये काही फरक वाटत नाही. कान तपासले जाण्याच्या महिनाभर आधी आत्या त्यांच्याकडे जाऊन आल्या होत्या. बघतात तर दुकानाच्याच माणसाने प्लेअर प्रकाशाच्या वायरीने, म्हणजे ऑप्टिकलने जोडलेला. ती वायर बारीक थर नेतच नाही. आत्यांनी ती काढून तांब्याच्या वायरींची जोडी लावली, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, आणि शेजारच्या खोलीत जाऊन ऐकलं. गाणारी बाई दिवाणखान्यात येऊन उभी राहिली होती. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानंतर त्यांनी चार जणांना दुकानाचा पत्ता दिला होता.

आता त्या फोनवर म्हणत होत्या, "माझ्या सुनेला शिट्टी ऐकू येते. येऊन एकदाचं सांगा तिला, की नाही म्हणून."

भाचा या वेळी मुद्दाम बरोबर गेला. गाडीत त्याने एकदाच विषय काढला. "आपलं ठरलंय ना?"

"तुझं ठरलंय," आत्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

डॉक्टरीणबाई दारातच सुरू झाल्या. "मला नाही ऐकू येत. फक्त हिला येते. आणि तीही मी डिस्क लावायला बसले की. डोहाळे म्हणावेत तर तेही नाहीत."

सून स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. "आई, तुमच्या गाण्यावर माझा राग नाही. शिट्टीवर आहे."

"बघा! राग आहे हे कबूल केलं."

"तुमच्या मुलाला काय ऐकू येतं?" आत्यांनी विचारलं.

"तो म्हणतो, मला काही कळत नाही."

दोघींच्या मध्ये सापडलेल्या माणसाला काही ऐकू येत नसतं, हे आत्यांना माहीत होतं. त्यांनी तो साक्षीदार सोडून दिला.

भाचा मधाळ आवाजात म्हणाला, "डॉक्टर, आत्याने स्वतः जोडलंय म्हणजे प्रश्नच नाही. नव्या जोडणीत बारकावे जास्त ऐकू येतात, तेच कोणाकोणाला शिट्टीसारखे वाटतात. आत्या, तू ऐक आणि सांग म्हणजे झालं."

यंत्र चालू केलं, गाणं न लावता. आत्या गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी कान स्पीकरला लावला. काही नव्हतं. भाच्याच्या फोनमध्ये आवाज मोजायचं काहीतरी होतं, त्यानेही काही धरलं नाही. आत्यांपुरती तिथे धुतल्यासारखी स्वच्छ शांतता होती, आणि महिन्यापूर्वी हीच शांतता त्यांना स्वतःच्या कामाची शाबासकी वाटली होती.

"आत्ता येतेय?" त्यांनी सुनेला विचारलं.

"येतेय ना. डास कानाशी यावा तशी. पण त्याहून बारीक."

"मी पहिल्यांदा यायच्या आधी होती?"

सुनेने बोटांवर दिवस मोजले. "नाही. तुम्ही येऊन गेलात त्या दिवसापासून."

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता तुमच्यावर ढकलतेय. सांगा तिला, बाई. तुम्हाला ऐकू येतेय का?"

"नाही."

"ऐकलंस?"

"थांबा," आत्या म्हणाल्या. उठताना त्यांनी कपाटाचा आधार घेतला. "मला येत नाही, कारण इतकं वरचं मला आता येतच नाही. परवा कान तपासलेत. आलेख आहे, हवा तर आणून दाखवते. हिला येतेय म्हणजे शिट्टी आहे. आणि ती मी आणलीय. माझं काम चुकलंय."

भाच्याने डोळे मिटले.

"म्हणजे," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही बहिऱ्या आहात?"

"वरच्या पट्टीत. खालचं सगळं ऐकू येतं. मघाशी तुम्ही हळूच हिला 'नाटकी' म्हणालात, तेही आलं."

सुनेने पदर नव्हता म्हणून बाही तोंडाला लावली.

"आणि बहिऱ्या असून लोकांचे आवाज जुळवायला जाता?"

"जुळवायला जाते. चष्मा लागलेला शिंपी शिवतोच ना? तुमचेही तपासून घ्या. जन्मभर दातांचं ड्रिल कानाशी धरलंत. घरात धड कान आहेत ते हिचे, आणि तुम्ही त्यांनाच खोटं ठरवताय."

हे शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. आत्यांना ते माहीत होतं. त्यांनी ते बोलून टाकलं.

मग त्यांनी सुनेला खुर्चीत बसवलं. "मी एकेक गोष्ट काढते. तू फक्त आहे की नाही ते सांग. मन राखायचं नाही, माझंही नाही आणि सासूचंही नाही."

"आहे," सून म्हणाली. आत्यांनी टीव्हीची वायर काढली. "आहे." इंटरनेटचा डबा बंद केला. "आहे." प्लेअरचा दिवा विझवला, त्याची टीव्हीला चित्र पाठवायची बाजू बंद केली. "आहे. थोडी कमी वाटते. नाही, तेवढीच आहे." भाचा घड्याळाकडे बघत होता. आत्यांनी कपाटामागे हात घातला आणि विजेच्या प्लगपट्टीतल्या शेवटच्या खाचेतला एक चपटा अॅडॅप्टर उपसला.

"गेली," सून म्हणाली. मग आणखी हळू, "अहो, गेली."

तो अॅडॅप्टर कपाटावरच्या फोटोच्या चौकटीचा होता. दर थोड्या वेळाने फोटो बदलणारी, मुलाने आईला भेट दिलेली. प्रकाशाच्या वायरीतून विजेचा गोंगाट येत नाही, तांब्यातून येतो. जुन्या जोडणीत चौकट निरुपद्रवी होती, नव्या जोडणीत तिची कुरकुर थेट स्पीकरपर्यंत पोचत होती. आत्यांनी दुसऱ्या भिंतीवरच्या प्लगमध्ये अॅडॅप्टर लावला आणि पुन्हा विचारलं. सून म्हणाली, नाही. आणखी एकदा विचारलं. नाही.

डॉक्टरीणबाईंनी डिस्क लावली नाही. त्यांनी चहाही विचारला नाही. शिट्टी गेली होती, पण ती जाण्याआधी असायला लागते, आणि ती होती हे सुनेच्या देखत सिद्ध झालं होतं. दारापर्यंत सोडायला सून आली. तिने काही आभारबिभार मानले नाहीत. फक्त म्हणाली, "मी महिनाभर ऐकून घेतलं," आणि शिट्टी की सासूचं बोलणं, ते सांगितलं नाही.

गाडीत भाचा म्हणाला, "तुला फक्त गप्प बसायचं होतं."

"गप्प बसायला तुझ्या कपाटातली खोकी आहेत की."

"आत्या, एक वाक्य. 'काही नाही, सगळं ठीक आहे.' खोली राहिली असती."

"आणि ती पोरगी खोटारडी राहिली असती."

"ती आपली कोण लागते?"

"कोणी नाही," आत्या म्हणाल्या. "काम माझं लागतं. चुकीचं काम मी बरोबर म्हणून सोडलं, तर त्या खोलीत बसून मी करू काय? तुझ्या कंपनीच्या मुलीसाठी बटण दाबू?"

भाच्याच्या अंदाजाप्रमाणेच झालं. आठवडा संपायच्या आत बाजारात आलं, की कानबाईंचे कान गेले. घड्याळवाल्याने विचारलं, शेजारच्या पंखेवाल्याने मोठ्याने, हातवारे करून विचारलं. आत्यांनी आलेख माडीच्या दारावर, बाहेरच्या अंगाला, चार टाचण्यांनी लावला, जिन्यावरून येणाऱ्या कोणालाही दिसेल असा.

"हा काय वेडेपणा?" भाचा म्हणाला.

"दबक्या आवाजात विचारतात. मला दबकं कमी ऐकू येतं असं त्यांना वाटतं. वाचू देत."

"मग तुझी खोली मी कोणत्या तोंडाने राखू?"

"राखू नकोस."

दादाने चष्मा पुसायला घेतला आणि अर्ध्यात ठेवला. "अरे, निदान पडदे तरी तिचे..."

"पडदे राहू दे दादा. कान तपासायला लागतील त्यांना," आत्या म्हणाल्या. "खोली घ्या. चांगली आहे. पण एक ऐका दोघेही. मी निवृत्त झाले असं कोणाला सांगायचं नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, घरी जाऊन करते. नाहीतरी असल्या पडदे-गालिच्याच्या खोलीत कोण राहतं? सगळ्यांची सासू, फ्रीज आणि फोटोची चौकट घरीच असते."

सुतार आला. मागच्या भिंतीवरच्या पट्ट्या त्याने काढायला घेतल्या तेव्हा आत्या तिथे होत्या. पहारीने नको, स्क्रू आहेत, एवढं सांगून त्या खाली उतरल्या. खुर्ची कंपनीने ठेवून घेतली. ती चांगली होती.

बरेच दिवस कोणाचं बोलावणं आलं नाही. आत्या दुकानात खाली, दादाच्या बाजूला बसून दुरुस्त्या करत आणि पंखेवाल्याने हातवारे केले की त्याला हातवाऱ्यांनीच शिवी देत. मग एका दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाहून एका माणसाने बोलावलं. नवा प्लेअर, बारीक थराच्या डिस्क, आणि फरक काहीच नाही, अशी तीच जुनी कहाणी. पत्ता कुठून मिळाला, तर दातांच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या कोणाच्या तरी सुनेच्या मैत्रिणीकडून. आत्या तो धागा पुरता उलगडायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

माणसाने दार अर्धंच उघडलं. पिशवीकडे बघितलं, पांढऱ्या केसांकडे बघितलं.

"एक विचारू का? राग मानू नका. तुम्हाला नीट ऐकू येतं ना? नाही म्हणजे, बाजारात काय काय बोलतात."

"खरं बोलतात," आत्या म्हणाल्या. "वरचं येत नाही. तुमची वायर बरोबर आहे की नाही, ते बघायला डोळे पुरतात. खोली घुमते का, ते खालच्या पट्टीत कळतं; ते मला तुमच्यापेक्षा बरं कळतं. वरचं राहिलं, त्याला मला माणूस लागतं. घरात सगळ्यात धाकटं कोण आहे?"

"मुलगी. कॉलेजात आहे. पण तिला यातलं काही कळत नाही."

"ते तिलाच सांगू दे. झोपली असेल तर उठवा."

माणसाने दार पूर्ण उघडलं. मग त्याने आत वळून हाक मारली, आणि आत्यांनी पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली.